तारखेचा घोळ आणि टूलचं अर्धवट वर्णन

ऑर्डरी शोधायच्या आमच्या टूलला एआय एजंट (स्वतःच टूल वापरून काम करणारा एआय प्रोग्रॅम) जोडला आणि दोन दिवसांत तक्रार आली: ३ एप्रिलच्या ऑर्डरी मागितल्या की ४ मार्चच्या येतात. आधी एजंटमागच्या एआय मॉडेलला शिव्या घातल्या, मग लॉग (कुणी काय पाठवलं याची नोंद) उघडला. एजंटने '०३/०४/२०२५' पाठवलं होतं आणि आमच्या सर्व्हरने महिना आधी धरला. एजंट जे वाचून टूल वापरतो, त्या टूलच्या वर्णनात मी काय लिहिलं होतं? 'तारीख द्या.' बस्स.

आता तिथे आहे: आयएसओ ८६०१ या तारखा लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०४-०३. स्टेटसचा रकाना मोकळा होता, त्याला जेसन स्कीमात (टूलला कोणती माहिती कशी द्यायची याचा आराखडा) एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, लावला. नाहीतर एजंट 'डिलिव्हर्ड', 'पोचली', मनाला येईल ते पाठवायचा.

खरा फरक पडला एरर मेसेजने. नुसतं 'अवैध इनपुट' वाचून एजंट तीच विनंती चार-चारदा पाठवत बसे. आता मेसेज म्हणतो: 'तारीख २०२५-०४-०३ अशी हवी, आलेली ०३/०४/२०२५.' दुसऱ्या खेपेला बरोबर येते.

'रिफंडसाठी हे टूल वापरू नका' हे वाक्यही घातलं. गंमत म्हणजे नव्या ज्युनिअरला हे मी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं होतं.