खड्ड्यात पाणी थांबतंय का, ते आधी बघा

मृगाला आठवडा उरलाय. बेळगाव भागात परड्यात, बांधाला किंवा होम-स्टेच्या अंगणात फुलपाखरांसाठी झाडं लावायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी आज संध्याकाळी एवढं करावं. खणून ठेवलेल्या प्रत्येक खड्ड्यात दोन घागरी पाणी ओता आणि झोपा. सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं, तर तिथं झाड लावू नका. कुठलं झाड, कुठलं खत, ते नंतर बोलू.

दरवर्षी हेच बघतोय. मे महिन्यात हौसेनं दीड-दोन फूट खड्डा खणायचा. तळाला काळी चिकणमाती नाहीतर घट्ट मुरूम. वरून नुसतं शेणखत भरायचं. आजूबाजूची जमीन टणक आणि मधला खड्डा भुसभुशीत, म्हणजे चहूकडचं पाणी तिथंच मुरणार आणि खाली वाट नसल्यानं तिथंच थांबणार. आपण झाडासाठी जमिनीत बादली पुरून ठेवतो. तरण्या पावसात (पुनर्वसूत) रोप हिरवंगार दिसतं, फोटो काढले जातात. म्हातारा पाऊस (पुष्याचा) लागला की ते मान टाकतं. आपल्याकडं फुलपाखरांची खरी गर्दी पाऊस ओसरताना, सप्टेंबरपासून पुढं असते. तोवर परड्यात नुसत्या काटक्या उभ्या.

गेल्या पावसाळ्यात येळ्ळूरकडच्या एका रानात गेलो होतो. बांधाला हमेलिया या फुलझुडपाची रांग, पानं सकाळी आठलाच लोंबलेली. एक रोप धरून उचललं, तर अडलंच नाही, अलगद वर आलं. मूळ चिमटीत धरून ओढलं तशी साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसती तार राहिली. वास कुजक्या कांद्याचा. मालक विचारतात, "पाणी कमी पडलं काय हो?" पायाखाली चिखल पचपचतोय! त्यांचीही चूक म्हणवत नाही. मूळ कुजलं की झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून ते तहानलेल्यासारखंच दिसतं. दुकानदारानं आदल्या दिवशी ह्युमिक ॲसिडची (मुळं वाढवायचं म्हणून विकतात ते) बाटली आणि 'टॉनिक' गळ्यात मारलं होतं. त्या पैशात पोरानं खोरं घेऊन अर्धा दिवस चर काढला असता, तर निम्मी रांग वाचली असती.

जागेप्रमाणं असं करा:

खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्टा: खड्डा नकोच. जमिनीवर एक फूट उंच, तीन फूट रुंद ओटा करा आणि त्यावर लावा. लाल मातीत निचरा होतो असं लोक म्हणतात. पण वीतभर मातीखाली जांभा दगड लागला, तर तिथं परातीत लावल्यासारखंच होतं.

येळ्ळूर, वडगाव, बळ्ळारी नाल्याकाठची काळी शिवारं: ओटा दीड फूट, शिवाय उताराकडं एक फूट खोल चर. नाल्याला फुग येते, म्हणजे पाणी तुंबून शिवारात चढतं, तिथं झाडांचा नाद सोडा, झेंडू-झिनिया कुंड्यांत लावा.

चिकोडी, रायबाग, अथणी: पाऊस कमी, खड्डा चालेल. पण उत्तरा-हस्ताच्या एका सरीत वाफा भरतो, म्हणून चर तिथंही हवाच.

माझा एक ठोकताळा सांगतो, पुस्तकात शोधू नका. लव्हाळा जिथं गच्च माजतो, तिथं पाणी थांबतं. टाकळा आपोआप येतो, ती जागा बहुधा झाडाला मानवते. दुसरं, वळवाच्या पहिल्या पाण्यावर लावायची घाई नको. जमीन आतून तापलेली असते. आर्द्रा लागल्यावर लावलेली रोपं मला जास्त तगलेली दिसलीत.

लागवडीची बाकी कामं:
• भर: दोन पाट्या तिथलीच माती, एक पाटी कुजलेलं शेणखत. हात घातल्यावर गरम लागलं तर ते खत अजून कच्चं आहे.
• १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठ दिवस सावलीत, ओलसर ठेवा.
• रोपाची मान (खोड आणि मूळ जुळतं ती जागा) मातीच्या दोन बोटं वर.
• काठीचा आधार.
• पालापाचोळा बुंध्यापासून वीतभर लांब.
• पावसाळ्यात युरिया नाही.

आता झाडं. बाजारात बियांची पाकिटं आलीत, वर हमिंगबर्डचं चित्र आणि किंमत सोन्याची. हमिंगबर्ड अमेरिका खंडांपलीकडं कुठंच नाही, बेळगावात तो येणार नाही. आपल्याकडं फुलातला मध पिणारा तो इवलासा चमकदार पक्षी म्हणजे शिंजीर. हमेलिया मूळचं अमेरिकेकडचं, तिकडं त्यावर हमिंगबर्ड येतो, इथं शिंजीर येतो. त्याला हमेलिया, जास्वंद, एक्झोरा पुरे. फुलपाखरांच्या मधासाठी पेंटास, शंकासूर, झिनिया. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण रानाच्या कडेला ती लावू नका, पक्षी बिया नेतात आणि सगळं रान तिच्या घशात जातं.

नुसत्या फुलांवर फुलपाखरू येऊन जातं, राहत नाही. अंडी घालायला त्याला ठरावीक पानं लागतात. लिंबू आणि कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू, रुई आणि हळदीकुंकवावर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, सोनचाफ्यावर टेल्ड जे. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉरमॉन लिंबाच्या जातीवर वाढतं. कर्नाटकाचं सदर्न बर्डविंग वाढतं ईश्वरीच्या वेलावर. एका परड्यात दोन्ही सरकारं नांदवायची सोय आहे! पण नेमके लिंबू आणि कढीपत्ताच थांबलेल्या पाण्यात आधी जातात. लिंबाची मान कुजते, डिंक येतो, साल सुटते. म्हणून या दोघांना सगळ्यात उंच ओटा द्या.

पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका हलताना दिसला, तर तीच लिंबाळीची कोवळी अळी. मोठ्या झाडावर पाच-सहा असल्या तर काही बिघडत नाही. लहान रोपावर असल्या तर हातानं उचलून मोठ्या झाडावर सोडा. नर्सरीत फारच झाल्या, तरच ५ टक्के निंबोळी अर्क. फुलपाखरांसाठी लावलेल्या झाडावर तोही नको. 'मुळाशी दाणेदार टाका, अळीच येणार नाही' असं कुणी म्हणालं, तर दुकानातून बाहेर या. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर तर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं पाणी मुळाशी दिलं, तर ते फुलातल्या मधापर्यंत पोचतं. मग फुलपाखरांची बाग कसली?

समजा लागवड होऊन गेलीय आणि पानं लोंबायला लागलीत. तर आधी पाणी काढा. बुंध्याच्या उताराकडं चर फोडा, मान उघडी करा, दोन दिवस हवा लागू द्या. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) ३ ग्रॅम प्रति लिटर, रोपाला एक लिटर आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं. पाणी तसंच ठेवून आळवणी केली, तर औषध साचलेल्या पाण्यात पातळ होणार आणि मूळ श्वास कोंडून मरणारच. आळवणीनंतर पंधरा दिवस ट्रायकोडर्मा टाकू नका, तांबं त्यालाही मारतं. ट्रायकोडर्मासाठी आधी सरकारी रयत संपर्क केंद्रात (शेती खात्याचं) विचारा, तिथं नसेल तरच दुकान.

पुनर्वसू-पुष्यात झड लागते, कोणी घराबाहेर पडत नाही आणि चर नेमके त्याच दिवसांत गाळानं भरतात. दर आठ दिवसांनी इरलं नाहीतर रेनकोट घालून एक फेरी मारा, खोरं बरोबर घ्या. चराच्या तोंडाशी अडकलेला पाचोळा आधी काढा, बहुतेक वेळा तिथंच तुंबलेलं असतं.