गाडी उंच केल्यावर मागचा ॲक्सल मधोमध आणताना
तोरणमाळच्या घाटासाठी मागच्या कॉइल स्प्रिंग उंच केल्या की ॲक्सल एका बाजूला सरकतो. कारण पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला चासीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणारा आडवा दांडा. त्याची लांबी तीच राहते, तिरकेपणा मात्र वाढतो. मग रॉड चासीला ज्या बाजूला जोडलेला आहे, तिकडे ॲक्सल ओढला जातो.

आधी चाकांची काळी माती धुऊन काढा, दोन्ही टायरची हवा सारखी करा आणि गाडी सपाट फरशीवर पुढे-मागे ढकलून उभी करा. चासीवरच्या दोन समान बिंदूंवरून गवंड्याचा ओळंबा सोडून टायरपर्यंतचे अंतर मोजा. डावीकडे १२ मिमी जास्त आले, तर ॲक्सल ६ मिमीच सरकला आहे. पूर्ण १२ दुरुस्त केलेत, तर तो तितकाच उलटीकडे जाईल.

कमी-जास्त करता येणारा रॉड बसवून लांबी सरकलेल्या अंतराएवढीच (इथे ६ मिमी) वाढवा, पुन्हा मोजा, मग लॉकनट कसा. रॉडच्या टोकांच्या बुशचे (रबरी कड्यांचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच कसायचे; जॅकवर कसले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

कॉइलऐवजी पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) असलेल्या पिकअपला बहुधा हा रॉड नसतो. तिथे पाट्याच्या पट्ट्या मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या भोकात नीट बसले आहे का, ते पाहा.