गाडी टायर खाते तेव्हा

आयटीआयचा डिझेल मेकॅनिक करून मुलं आमच्या जालन्याच्या गॅरेजला येतात, तेव्हा त्यांना इंजिनाला हात लावायची घाई असते. मी त्यांना आधी टायरपाशी बसवतो. सळई नेणाऱ्या किंवा हंगामात ऊस ओढणाऱ्या गाडीला डिझेलनंतरचा मोठा खर्च टायरचाच. पुढचा टायर एका कडेने संपला की मालक येतो आणि म्हणतो, "अलाइनमेंट करून द्या." अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजून नीट बसवणं, पण लगेच गाडी मशीनवर घेऊ नका. अलाइनमेंटचा नंबर सगळ्यात शेवटी.

पहिली हवा. ती सकाळी, गाडी चालायच्या आधी मोजायची. मे महिन्यात दुपारी समृद्धीच्या सिमेंटवरून आलेल्या टायरची हवा वाढलेलीच दिसणार. ती जास्त आहे म्हणून सोडू नका, टायर थंड झाल्यावर ती कमी भरेल. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी. फक्त मधला भाग गेला, तर हवा जास्त. मागच्या जोडीतला आतला टायर कोणी बघत नाही, म्हणून तो मुद्दाम वाकून तपासा. जोडीतले टायर एका उंचीचे नसतील तर मोठा टायर वजन घेतो आणि लहान रस्त्यावर घासत जातो. व्यासात 6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मी ती जोडी लावत नाही.

मग तळहात. आधी डोळ्याने बघून घ्या, तार बाहेर आली असेल तर हात कापेल. नंतर पुढच्या टायरवर बाहेरून आत आणि आतून बाहेर असा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागते, म्हणजे टायर सरळ न फिरता तिरपा ओढला जातोय. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर धार, असं दोन्ही टायरांवर असेल तर टो-इन जास्त, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत वळलेली. दोन्हीवर बरोबर उलट असेल तर टो-आउट, म्हणजे ती बाहेर वळलेली.

पण एक टायर आतून आणि दुसरा बाहेरून खाल्ला असेल, दोन्हीवरची धार गाडीच्या एकाच बाजूला वळलेली असेल, तर पुढे हात लावू नका, मागे जा. मागचा अॅक्सल, म्हणजे चाकं जोडणारा आडवा दांडा, तिरका झालेला असतो, गाडी एका बाजूला ढकलली जाते आणि ड्रायव्हर नकळत स्टिअरिंग वळवून तिला सरळ ठेवतो. त्याची शिक्षा पुढच्या टायरांना. अशा गाडीच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) सेंटर बोल्ट तुटलेला, यू बोल्ट ढिले किंवा अॅक्सल धरणाऱ्या रॉडचे बुश (सांध्यातलं अस्तर) गेलेले सापडतात. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. चाकं सरळ ठेवून दोन्ही मापं जुळली नाहीत तर कारण हाती लागलं. माझ्या मते नव्या मुलाने सगळ्यात आधी हीच तपासणी पक्की शिकावी, कारण मशीनवर फक्त पुढचा टो बसवून गाडी सोडली की तोच टायर परत खाल्ला जातो.

एकच कड गुळगुळीत झिजली असेल, धार नसेल, तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडलाय: किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश गेलेत किंवा जास्त वजनाने अॅक्सल वाकलाय. ठरावीक अंतरावर खड्डे पडले असतील तर बॅलन्सिंग, शॉकअॅब्सॉर्बर आणि व्हील बेअरिंग बघा. एकाच जागी सपाट ठिगळ म्हणजे ब्रेक लागून चाक घसटलं.

किंगपिन, टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा), बेअरिंग यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायला चाक उचलावं लागतं. चाक वर-खाली आणि आजूबाजूला हलवा, दुसऱ्याला सांध्यावर बोट ठेवून बसवा. इथे आमच्याकडची काळी माती लक्षात ठेवा. पाऊस झालेल्या मैदानात जॅक हळूच खाली जातो. म्हणून जाड फळी घाला, दुसऱ्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरू नका. रिंगच्या डिस्कला तडा दिसत असेल किंवा शंका असेल तर नट सोडण्याआधी हवा पूर्ण काढा, जोडी असेल तर दोन्हींची. लॉक रिंगच्या (टायर जागी धरणारं लोखंडी कडं असलेल्या) टायरात हवा भरताना लोखंडी पिंजरा वापरा, समोर उभं राहू नका. उडालेली लॉक रिंग माणूस मारते, त्यात मिस्त्री आणि शिकाऊ असा भेद नसतो.

सगळा प्ले काढल्यावरच अलाइनमेंट. ढिल्या सांध्यावर बसवलेला टो पहिल्या खड्ड्यात हलतो आणि मालकाचे पैसे वाया जातात.

काम झालं की गाडीचा किलोमीटर, टायरच्या दोन्ही कडांच्या आणि मधल्या खाचांची खोली वहीत लिहा. वेडावाकडा खाल्लेला टायर दुरुस्तीनंतरही काही काळ तसाच झिजतो, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. पुढच्या फेरीत गाडी आली की त्याच जागी मोजा. कडांमधला फरक आधीसारख्याच वेगाने वाढत असेल तर कारण अजून गाडीत आहे, आणि तपासणी मागच्या अॅक्सलपासून पुन्हा सुरू करायची.