कापसाच्या दिवसांत व्हॅक्यूमचा डबा रिकामा करताना

वेचणी सुरू झाली, घरात कापूस पडला की बिनवायरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा डबा दोन खोल्यांतच भरतो. उकिरड्यावर नेऊन उघडला, तर निम्मी धूळ वाऱ्यानं आपल्याच तोंडावर.

१. मशीन बंद करून डबा काढा. मोठी प्लास्टिकची पिशवी डब्याच्या तोंडावर चढवून मुठीत घट्ट धरा, मगच झाकणाचा खटका दाबा. दोन थापा मारा आणि मिनिटभर तसंच थांबा. धूळ खाली बसू द्या, घाई इथंच नडते.

२. आतल्या जाळीला तंतू गुंडाळलेले असतात. जुन्या टूथब्रशनं एकाच दिशेनं ओढा, अख्खी वात निघते. कधी सरकीही सापडते.

३. डबा आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग धुवा. आपली काळी माती ओली झाली की चिकटून बसते.

४. फिल्टर झटका. माहितीपुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तरच साध्या पाण्यानं धुवा आणि किमान २४ तास वाळवा. दमट फिल्टर बसवला की कुबट वास येतो, मोटरही बिघडू शकते.

चुलीजवळची राख मात्र या मशीननं कधीच ओढू नका. वरून विझलेली दिसते, आत निखारा असतो आणि डब्यात असतो कापूस.