कुजक्या ओंडक्यातले आखूड पंखांचे भुंगेरे कसे बघावेत

ठाण्यात पावसाळ्यात गुलमोहर पडतात. फांद्या उचलल्या जातात, बुंधा मात्र सोसायटीच्या कुंपणाशी कुजत राहतो. बघायचं तिथेच. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथली लाकडं उचकटू नका.

ओंडका ताजा नको, पार भुसा झालेलाही नको. साल सुटलेली आणि आत ओलसर, तपकिरी, असा हवा. खाली पांढरं ताट धरा आणि बोथट पेचकसाने साल अलगद उचला. घाई केलीत तर सगळे सांदीत पळाले म्हणून समजा.

काळा, चकचकीत, लांबुडका किडा शोधा. वरचे कडक पंख इतके आखूड, की बनियन वर चढल्यासारखं पोट उघडंच. उडायचे पंख त्याखाली घड्या घालून ठेवलेले असतात. डिवचला की पोट वर वळवतो. घाबरू नका, नांगी नसते. मागे चिमटा दिसला तर तो वेगळ्याच गटातला. अंग चपटं आणि डोक्यावर पुढे शिंगांसारखे दाते असतील, तर सालीखाली राहणारी ‘प्रायोकायरस’ प्रजाती असू शकते. मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून डोक्याचा फोटो आधी काढा, पाठीचा नंतर.

नारिंगी अंग आणि निळसर पंख असलेल्या, याच गटातल्या ‘पेडेरस’ भुंगेऱ्याला मात्र बोट लावू नका. तो लाकडापेक्षा ओल्या गवतात आणि रात्री ट्यूबलाइटपाशी जास्त दिसतो. चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या अंगातल्या पेडेरिन या विषामुळे साधारण दिवसभराने फोड येतात. फुंकर मारून उडवा, जागा साबणाने धुवा.

झालं की साल होती तशी परत बसवा.