फुकटच्या गेममध्ये पैसे टाकण्याआधी

भाचा ‘मामा, फक्त 89 रुपये’ म्हणत फोन पुढे करतो, तेव्हा मी आधी एवढंच विचारतो: पैसे न देणारा यात मागे पडतो का? डोटा 2 या गेममध्ये सगळे हिरो, म्हणजे खेळायची पात्रं, फुकट. विकतात तो नुसता पोशाखाचा थाट. हौसेला मोल नसतं, घे खुशाल. पैशाने ताकद वाढत असेल तर मात्र नाही म्हणजे नाही.

नशिबाची पेटी (लूट बॉक्स, आत काय निघेल ते नशिबावर) असेल तर शक्यतांचा तक्ता उघडा आणि वाईटात वाईट हिशेब धरा. गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये पात्रांच्या बॅनरवर (म्हणजे ठरावीक मुदतीच्या सोडतीत) पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मिळ, पात्राची मूळ शक्यता दर खेपेला 0.6 टक्के. 90व्या खेपेपर्यंत एक नक्की मिळतं, पण हवं तेच मिळेल असं नाही! नशीब फिरलं तर 180 खेपा, प्रत्येकी 160 प्रिमोजेम (गेममधलं चलन), म्हणजे 28,800. याचे रुपये करून बघा, मग बोला. (झालेल्या खेपांची मोजणी पुढच्या बॅनरवर चालू राहते, तेवढा प्रामाणिकपणा आहे.) बेल्जियमने 2018 मध्ये पैसे घेणाऱ्या अशा पेट्या जुगारात धरल्या, ते उगाच नव्हे.

शेवटी, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड सक्तीचा करा, कार्ड काढून टाका आणि महिन्याचं ठरवून गिफ्ट कार्ड भरा.