गावची पडीक जमीन सोलरला भाड्याने द्यायचीय? मुंबईत बसून आधी एवढं करा

घोडपदेवला आमच्या गावकी मंडळाची मिटिंग असते, देवळाच्या पत्र्यांचा विषय संपला की हल्ली गाडी सोलरवरच येते. गाव माण तालुक्यातलं, पाऊस नावाला आणि माळरान नुसतं पडून, त्यामुळे एकरी पन्नास हजार भाडं ऐकलं की सगळ्यांचे कान टवकारतात.

आकडा खरा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0, 2023 ला आलेली, त्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा लाईट मिळावी म्हणून वीज गावाजवळच बनवायची, असा सगळा खटाटोप. बागायती जमीन मात्र यात घालू नका, हे माझं मत, माळ असेल तरच पुढे वाचा.

पहिलं काम, सबस्टेशन, म्हणजे महावितरणचं वीज उपकेंद्र, बनलेली वीज तिथेच जोडायची असते. गावाजवळचं 33/11 केव्हीचं कुठलं ते वायरमनला फोन करून विचारा आणि गूगल मॅपवर जमिनीपासूनचं अंतर मोजा. 5 किलोमीटरच्या आत असेल तर ठीक, नऊ-दहा निघालं तर पुढची धावपळ करू नका.

मग क्षेत्र. 1 मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात आणि तीन एकरांच्या खाली विचार होत नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, 40 आर म्हणजे जवळपास एक एकर. तुमचं एकटं बसत नसेल तर बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला सोबत घ्या, भांडण असेल तर ते आधी मिटवा.

आता खरी डोकेदुखी, कागद. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयात निघतो, तो काढा आणि नीट वाचा. आमच्यावर अजून आजोबांचंच नाव, खाली वारस नऊ, त्यातली एक आत्या विरारला आणि 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, जो कधीच फिटलाय पण उतरवायला कुणी गेलंच नाही. वारस नोंद आणि बोजा कमी करणं, दोन्हीचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर इथूनच करता येतो, सोसायटीचा निल दाखला (कर्ज फिटल्याचा कागद) तेवढा चुलतभावाला आणायला सांगा, आणि तलाठ्याकडे एक चक्कर पडतेच, खोटं कशाला बोलू. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, असं लिहिलेलं दिसलं तर परवानगीशिवाय पुढे जाता येणार नाही.

कागद झाले की अर्ज. महावितरणच्या वेबसाइटवर सध्या जमिनीचे अर्ज घेतायत का ते बघा, फी असेल ती पोर्टलवरच भरा. आमच्यातल्या एकाने 'सोलर कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्याला रजिस्ट्रेशनचे अकरा हजार यूपीआयने पाठवले, दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. आणि अर्ज केला म्हणजे जमीन घेतलीच असं नाही, टेंडर निघतं, मग कंपनी जागा बघते, तोवर गप्प बसायचं.

गावात कुणी विरोध करत असेल तर हे सांगा की प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीत होतो तिला वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं मिळतात. आमच्याकडे सरपंचांचा सूर यानंतरच बदलला.

शेवटी करार. कागदावर भाडेपट्टा लिहिलेलं हवं, खरेदीखत किंवा कुलमुखत्यारपत्र पुढे केलं तर सरळ उठून या. दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करायचा, पंचवीस-तीस वर्षांचा मामला आहे, तेव्हा मुदत संपल्यावर पॅनल आणि काँक्रीटचे पाये कोण काढणार ते कलम शोधा, नसेल तर घालून घ्या. भाडं प्रत्येक वारसाच्या खात्यात वेगळं जमा होईल असं लिहून घ्या, थोरल्याच्या खात्यावर सगळं येऊन मग तो वाटणार, हे आमच्या नऊ जणांत तरी जमणारं नाही.